तुझ्या नावाशी थांबलेली रांग

दिगंबर,

माशांचं पुस्तक परत आलं आणि रांग तुझ्या नावाशी येऊन थांबली. प्रोग्रॅमनं आपलं नेहमीचं काम केलं. रांगेत पहिलं कोण ते पाहिलं, तुझ्या फोनवर निरोप पाठवला, ठरल्याप्रमाणे वाट पाहिली. उत्तर आलं नाही तेव्हा आपण शिकवलं होतं तसा तो थांबला आणि वाचनालयाच्या काउंटरवरच्या पडद्यावर लाल पट्टी आली. ‘सभासद उत्तर देत नाही. चौकशी करा.’

काउंटर सांभाळणाऱ्या सुनंदाताईंनी पडद्यावर रुमाल टाकून ठेवला होता. मी गेले तेव्हा त्या पाठमोऱ्या बसून पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, "मॅडम, मी ह्याला हात लावणार नाही. चौकशी करा म्हणतंय. कुणाकडे करू सांगा."

एक बटण दाबलं की तुझं नाव रांगेतून निघतं आणि पुस्तक पुढच्या माणसाकडे जातं. ते बटण मीच तुझ्याकडून हट्टानं करून घेतलं होतं. मी रुमाल उचलला, पट्टी वाचली आणि रुमाल परत होता तसा ठेवला.

म्हणून लिहायला बसले आहे. वाचनालयाच्या वार्षिकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहा, असं समितीनंही सांगितलंय. त्यांना तुझं जन्मगाव, शिक्षण, नोकरी हे सगळं हवं असणार. ते दुसरं कुणी देईल. मला एक गोष्ट ठरवायची आहे, आणि काही ठरवायचं झालं की आधी शनिवारी तुझ्याशी भांडायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय आहे.

तू पहिल्यांदा आलास तोच तक्रार घेऊन. शनिवारी मी वाचनालयात हौसेनं नोंदी सांभाळायला यायचे, मिठागरांकडच्या खिडकीपाशी माझं टेबल होतं. तू समोर उभा राहिलास आणि विचारलंस, "पुस्तकासाठी नाव लावलंय मी. ही रांग सरकते का हो, की नुसती लावायची असते?"

मी वैतागले होते. म्हटलं, "तुम्हाला जास्त चांगलं जमत असेल तर तुम्ही चालवा."

"जमतं," असं म्हणून तू खुर्ची ओढलीस आणि बसलास. नंतर कळलं, त्या शब्दात ऐट नव्हती. जमतं ते जमतं म्हणायचं आणि जमत नाही ते नाही म्हणायचं, एवढंच तुला ठाऊक होतं. तू ट्रॉम्ब्याच्या नोकरीतून नुकताच मोकळा झाला होतास, मी घाटकोपरच्या कॉलेजातलं गणित संपवून मुलुंडच्या घरी बसले होते. घरी पुस्तकं होती. घड्याळ होतं. बोलायला कुणी नव्हतं. पुढच्या शनिवारी तू जुना कॉम्प्युटर घेऊन आलास, त्याच्या पुढच्या शनिवारी आपण अहो-जाहो सोडलं. भांडताना ‘अहो’ फार वेळ खातं, असं तुझं म्हणणं.

तू मला ‘बाई’ म्हणायचास, शाळेतली मुलं म्हणतात तसं. आणि फार चिडलास की मालवणीत शिरायचास.

प्रोग्रॅम कुठल्याही तयार भाषेत लिहिता आला असता. तू म्हणालास, छोटी भाषाच करू, लिस्प नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेच्या वळणाची, मराठी शब्दांची. मी विचारलं, कशाला? तू काउंटरकडे बोट दाखवलंस. "सुनंदाताईंना वाचता आलं पाहिजे, मशिनला आपण काय सांगितलंय ते. उद्या आपण दोघंही नसलो तर?" तेव्हा ते मला बोलण्याच्या ओघातलं वाटलं. तू साठीचा, धडधाकट, रोज सकाळी मार्केटात जाऊन कोळणीशी हुज्जत घालणारा माणूस. असे लोक ‘आपण नसलो तर’ म्हणतात आणि पुन्हा चहा मागवतात. तूही मागवलास.

हे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. लिस्पमध्ये सगळं कंसात लिहितात. कंसातला पहिला शब्द म्हणजे काय करायचं ते. बाकीचे शब्द म्हणजे कशाचं करायचं ते. त्यातली कुठली एक गोष्ट आधी तयार करून घ्यायची असेल तर तिच्यासाठी आत आणखी एक कंस. बस, एवढीच भाषा. आपल्या प्रोग्रॅममध्ये सभासद ही एक वस्तू होती, पुस्तक ही दुसरी. आपापली कामं त्यांना ठाऊक होती. सभासदाला पुस्तक घेणं ठाऊक होतं, पुस्तकाला परत येणं. एखाद्या वस्तूला ‘तुझं अमुक काम कर’ असं सांगण्याला तुझ्या धंद्यात मेथड कॉल म्हणतात. आपण ‘हाक’ म्हणायचो.

भांडण एवढंच होतं की ही हाक कशी मारायची. मी म्हणत होते फंक्शननं. तू म्हणत होतास मॅक्रोनं.

फंक्शन मला जन्मभराच्या ओळखीचं. त्याला काही द्यावं, त्यानं काही परत द्यावं, हात स्वच्छ. मॅक्रो म्हणजे मला चोरटं प्रकरण वाटायचं. प्रोग्रॅम चालायच्या आधीच तो येतो, आपण लिहिलेलं वाचतो आणि त्याच्या जागी स्वतःला हवं ते लिहून निघून जातो. आपण लिहिलेलं एक, चालतं दुसरंच. "माझ्या वहीत दुसऱ्यानं खाडाखोड केलेली मला चालत नाही," मी म्हणायचे.

"खाडाखोड नाही गं. सुवाच्य अक्षर."

पहिल्यांदा माझंच ऐकलंस. हाक फंक्शननं लिहिली. ‘पुढच्या सभासदाला हाक मार, पुस्तक घे म्हणावं, आणि हे बघ कपाटातून काढलेलं पुस्तक.’ सरळ, वाचायला सोपं. महिन्याभरात काउंटरवर पुस्तकांचा ढीग झाला. सुनंदाताई त्या ढिगाआड दिसेनाशा झाल्या. कारण फंक्शनला जे द्यायचं ते आधी तयार करून द्यावं लागतं. त्यामुळे आधी पुस्तक कपाटातून निघायचं, चिठ्ठी छापली जायची, नोंद व्हायची, आणि मग कळायचं की सभासद मुलाकडे बंगळुरूला गेलाय, किंवा डोंबिवलीला राहायला गेलाय, किंवा त्याला ते पुस्तक आता नकोच आहे. कपाटं रिकामी, काउंटर भरलेला आणि घरोघरी लोक वाट बघत.

त्या शनिवारी तू मला आणि सुनंदाताईंना समजावलंस ते मी कॉलेजात कधी कुणाला इतकं नीट समजावलं नसेल. "कोळीण बघितलीय ना? पापलेट हातात घेते आणि आधी विचारते. तुकडे करू, की अख्खं ठेवू, की मध्ये चीर देऊ? विचारून मग सुरी. एकदा कापलं की कापलं. फंक्शनच्या हातात मासा येतो तो कापूनच येतो. मॅक्रोला अख्खा मिळतो. कसा कापायचा, मुळात कापायचा की नाही, ते तो ठरवतो. आधी घरात कुणी जेवणार आहे का बघेल, मग सुरी लावेल."

लेलेकाकू शेजारी मासिकं चाळत होत्या. म्हणाल्या, "अहो, आम्हाला दुधीचं उदाहरण द्या की."

"दुधीला कोण विचारतो काकू? दुधी कसाही कापला तरी दुधीच लागतो."

त्या हसल्या, तुझ्यावर रुसल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी माशांच्या त्या जाड पुस्तकासाठी नाव लावलं. आम्ही मासे खात नाही म्हणून बघायचेही नाहीत का, असं म्हणून. पुस्तक कुणीतरी घेऊन गेलेलं होतं (ते परत यायला वर्षं लागली) आणि त्यांच्या आधी रांगेत तुझं नाव होतं. तूच लिहिलेला प्रोग्रॅम. एका ओळीत तुला सगळ्यांच्या पुढे जाता आलं असतं. तू रांगेत उभा राहिलास आणि वर मलाच ऐकवलंस, "मासे जन्मभर खाल्ले. वाचायला थोडा उशीर झाला तर काय होतंय."

मॅक्रो आला आणि ढीग गेला. आधी माणूस आहे का ते बघायचं, असला तरच पुस्तक काढायचं. मी मान्य केलं, पण तोंड वाकडं करून. आणि मग लेलेकाकू दुसऱ्याच एका पुस्तकासाठी तावातावानं जिना चढून आल्या.

"माझ्या आधीचीला मिळालं! माझ्या नंतरचीला मिळालं! मी मध्ये काय खांब आहे?"

आपण दोघांनी रांग तपासली. दर दुसरा माणूस वगळला गेला होता. तुला कारण दिसलं आणि तुझा चेहरा पडला, मला दिसलं आणि मी, देवाशपथ, खुशीत आले. तुझा मॅक्रो लिहायचा ते असं. ‘रांगेतला पुढचा आहे का? असेल तर रांगेतल्या पुढच्याला पुस्तक दे.’ आणि ‘रांगेतला पुढचा’ म्हटलं की रांग एक पाऊल सरकायची. तुझ्या मॅक्रोनं तो शब्द दोनदा लिहिला होता. विचारायचं एकाला आणि द्यायचं त्याच्या मागच्याला. मॅक्रो लिहिणाऱ्यांचीच ही चूक. फंक्शन लिहिणाऱ्यानं मनात आणलं तरी ती त्याच्या हातून होणार नाही.

"एका माणसाला एकदाच विचारायचं असतं रे," मी म्हणाले.

"हसून घे. हसून घे." तू कीबोर्ड ओढलास. "विचारायचं एकदा, आणि उत्तर एका नावाखाली धरून ठेवायचं. मग ते नाव हवं तितक्या वेळा लिही." मग लेलेकाकूंकडे वळून, हात जोडून, "काकू, खांब नाही, तुम्ही आधारस्तंभ. उद्या पुस्तक घरी आणून देतो." दिलंसही. वहिनींनी केलेलं गोड मालवणी खाजं सोबत घेऊन गेला होतास, आणि काकूंकडून दुधीचा हलवा घेऊन आलास. तो मला न देता संपवलास.

असे आपण. मला आठवतं ते सगळं असंच कुठल्या तरी चुकीभोवती आहे.

मग राहिला खरा वाद. तो मिटलाच नाही. हाक मारली आणि कुणी उत्तरच दिलं नाही, तर?

तू म्हणायचास, काही नाही. गप पुढच्याकडे जायचं. "रांगेत मागे माणसं उभी आहेत बाई. त्यांनी काय केलंय?"

मी म्हणायचे, थांबायचं. आपले निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे, कितीतरी एकटे राहणारे. पुस्तक आलंय म्हटल्यावर जो माणूस उत्तर देत नाही त्याचं काहीतरी बिनसलंय. कुणीतरी फोन करावा, जिना चढून जाऊन बघावं. मुकाट्यानं पुढे जाणारं यंत्र मला नको होतं. तसं जग बाहेर पुष्कळ आहे, इथे कशाला?

"तुका गणित येता, बाजार येना नाय," तू म्हणालास. आणि उठून खिडकी उघडलीस. मिठागरांवर ऊन होतं. शेवटी म्हणालास, "ठीक आहे. मॅक्रो माझा, थांबणं तुझं."

तसा सौदा झाला. तुझ्या मॅक्रोच्या पोटात माझा नियम बसला. सभासद उत्तर देईना, की थांब, लाल पट्टी दाखव, माणसानं चौकशी केल्याशिवाय हलू नकोस. त्या पट्टीमुळे सुनंदाताईंनी कितीजणांना फोन केले. बहुतेकांनी ‘फोन सायलेंटवर होता’ म्हणून सांगितलं. एका आजोबांनी ‘मी जिवंत आहे, पुस्तक ठेवा’ म्हणून झापलं. एक बाई खरंच तापानं फणफणलेल्या होत्या, त्यांना तू रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस आणि परत आल्यावर माझ्याकडे बघून फक्त मान हलवलीस. तुझ्याकडून तेवढं पुरेसं होतं.

मॅक्रोवरचा माझा राग मात्र गेला नव्हता. एकदा मी एक नवा मुद्दा काढला. तुझा प्रोग्रॅम त्या जुन्या कॉम्प्युटरवर जलद चालावा म्हणून तू सगळे मॅक्रो आधीच उलगडून ठेवायचास. म्हणजे प्रत्येक हाकेच्या जागी मॅक्रोनं लिहिलेला पूर्ण मजकूर पक्का. मी म्हटलं, "उद्या नियम बदलला तर? मॅक्रोत बदल करशील, पण आधी उलगडलेल्या हाका जुन्याच राहतील. त्यांना कुणी सांगणार, की बाबांनो, नियम बदलला?"

"नियम बदलला तर ना? थांबायचा नियम तुझा. तू बदलणार आहेस?"

"मुळीच नाही."

"मग झालं तर," असं म्हणून तू चहा ओतलास. तो मुद्दा तिथेच राहिला. मला तेव्हा वाटलं होतं, मी जिंकायला आले होते आणि तू मला दारातूनच चहा पाजून परत पाठवलंस.

त्या शनिवारबद्दल लिहायचं टाळत होते. लिहिते.

आठवडाभर मी तयारी केली होती. मला अखेर सापडलं होतं, तुझ्या कोळणीला काय उत्तर द्यायचं ते. फंक्शनला कापलेला मासा द्यायचाच कशाला? अख्खा मासा डब्यात बंद करून द्यायचा. म्हणजे काढलेलं पुस्तक नाही द्यायचं, पुस्तक काढायची कृती गुंडाळून द्यायची. माणूस आहे का ते फंक्शन बघेल, असला तर डबा उघडेल, नसला तर डबा तसाच राहील. मॅक्रोची गरजच नाही. मी ते लिहून काढलं, चालवून पाहिलं, तू काय काय विचारशील त्याची उत्तरं काढली. चहा तुझ्या आधी मी मागवायचा, असंही ठरवलं होतं. नवी साडी नेसले होते. हे कुणाला सांगितलं नाही. मुद्दा जिंकायला जाताना मी कॉलेजातही नेसायचे.

जिना चढून आले तर सुनंदाताई काउंटरच्या बाहेर येऊन उभ्या. त्या कधी बाहेर येत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, बसा आधी."

सगळं काढून, पुसून, मांडून मी आले होते. आणि मग कळलं की माणूस नाही.

तू हेच तर सांगत होतास इतकी वर्षं.

त्यानंतर तो डब्याचा मुद्दा मी तुला मनात बऱ्याचदा सांगून पाहिला. तू काय म्हणशील ते मला वाटतं, ठाऊक आहे. "डबा दर वेळी भरायचा कुणी? लिहिणाऱ्यानं. तो एकदा विसरला की पुन्हा काउंटरवर ढीग. मॅक्रो विसरत नाही." बरोबर आहे, असंच म्हणाला असतास. पण नाही रे. तू कधीच मला वाटलं ते बोलला नाहीस. मी उत्तर तयार ठेवायचे आणि तू तिसऱ्याच दारानं यायचास, पापलेट घेऊन. आता माझ्या डोक्यात जो तू बोलतोस तो फक्त मला ठाऊक असलेलंच बोलतो. तो मला चुकीचं ठरवत नाही. निवृत्त झाल्यापासून लोक माझं ऐकून घेतात, मान हलवतात, ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे’ म्हणतात. तू एकटा समोर बसून ‘चूक’ म्हणायचास. त्या शब्दासाठी मी आठवडाभर अभ्यास करायचे. हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस, म्हणून राहिलं.

एवढं लिहून काही दिवस थांबले होते. लाल पट्टी तशीच होती. मागे रांगेत लेलेकाकू होत्या आणि त्यांच्या मागे आणखी माणसं. काकू एकदा वर आल्या, रुमाल टाकलेला पडदा पाहिला. सुनंदाताईंनी हळूच सांगितलं, काय अडलंय ते. मला वाटलं, काकू आता खांबाची आठवण काढतील. त्या म्हणाल्या, "राहू दे. मला घाई नाही. मी थांबते त्यांच्या मागे." आणि मासिकं न चाळताच खाली उतरल्या. घाई नाही म्हणाल्या, पण जिन्यावर कठडा धरून, एकेक पायरीवर उभ्या राहून उतरत होत्या. खांबाच्या वेळी त्या हाच जिना तावातावानं चढल्या होत्या.

मला तेव्हा तुझं ते वाक्य ऐकू आलं. त्यांनी काय केलंय?

मी वहिनींकडे गेले. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. वहिनींनी स्वतःच विषय काढला. "उषाताई, ह्यांच्या फोनवर वाचनालयाचो मेसेज इलो. पुस्तक आलंय म्हणान."

मी म्हटलं, "चूक झाली वहिनी. मी नाव काढून टाकते. पुन्हा येणार नाही."

"काढू नुको." त्या एकदम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "येवंदे गो. मी चार्जिंगक लावन ठेवलंय फोन. आता त्या नंबरार दुसरो कोण करतलो?"

थोड्या वेळानं त्यांनी मला खाजं दिलं, पिशवीत बांधून. तू आणायचास तसंच.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन तुझा मॅक्रो उघडला. इतक्या वर्षांत मी तो फक्त दोष काढायला वाचला होता. त्या दिवशी नुसता वाचला. छोटा आहे. माणसाला एकदाच विचारतो, उत्तर जपून धरतो, माणूस नसला तर पुस्तकाला हातही लावत नाही. तू ज्या ओळीत माझा नियम बसवलास तिच्या वर तू एक शेरा लिहून ठेवला आहेस, ‘बाईंचं’. बाकी काही नाही.

ती ओळ मी बदलली. उत्तर आलं नाही तर थांबायचं नाही, पुढच्याला हाक मारायची. हे तुझं. नाव मात्र रांगेतून काढायचं नाही, जिथे आहे तिथे राहू द्यायचं, आणि पडद्यावर पट्टी दाखवायची, म्हणजे कुणीतरी चौकशी करेल. हे माझं. रांग अडणार नाही आणि कुणी मुकाट्यानं गळणारही नाही. आपण दोघं भांडत बसलो नसतो तर हे आधी सुचलं असतं का, ते मला सांगता येत नाही. बहुधा नसतं.

मग प्रोग्रॅमला म्हटलं, चल.

काही झालं नाही. लाल पट्टी तशीच. पुन्हा सांगितलं. पुन्हा तुझ्या नावाशी येऊन थांबला. मी मॅक्रो तपासला, कंस मोजले. सगळं बरोबर. आणि मग लक्षात आलं. उलगडलेल्या हाका. तू आधीच उलगडून पक्क्या केलेल्या. मॅक्रो बदलला होता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या अजून जुन्याच नियमानं, माझ्याच नियमानं, तुझ्यापाशी थांबत होत्या.

"बघ!" मी म्हणाले. मोठ्यानं. खुर्ची अर्धी वळवून, तू बसायचास त्या बाजूला.

सुनंदाताईंनी काउंटरवरून विचारलं, "काय झालं मॅडम?"

"काही नाही. माझं बरोबर होतं."

त्या उठून आल्या. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेल्या. इतक्या वर्षांत एकदाच निखळ जिंकले रे, आणि ‘मग झालं तर’ म्हणून चहा ओतायला तू नाहीस.

मग सगळ्या हाका पुन्हा उलगडायला लावल्या. तो जुना कॉम्प्युटर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. तू त्याच्या पाठीवर थाप मारायचास तशी मारली.

आता सांगते कसं चालतं ते. पुस्तक कपाटातच राहतं. पहिली हाक तुला जाते. मुलुंडच्या तुझ्या घरात, भिंतीला लावलेल्या खुर्चीशेजारी फोन वाजतो, वहिनी चष्मा लावतात आणि वाचतात. प्रोग्रॅम वाट बघतो. तुझ्या उत्तरासाठी ठेवलेला वेळ मी कमी केलेला नाही, इतरांइतकाच आहे. मग तो पुढच्या नावाकडे जातो.

काल लेलेकाकू पुस्तक घेऊन गेल्या. पिशवीत घालायच्या आधी पहिलं पान उघडून पापलेटाचं चित्र बघितलं, मग पडद्याकडे बघून विचारलं, "वर अजून त्यांचं नाव दिसतंय?"

"हो. ते तुमच्या आधी आहेत," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी लवकर वाचून परत आणते."